दोन राज्यांचा एक मेंबर

मागच्या बैठकीत मी सीमेवरच्या गावांबद्दल बोलता बोलता दोन वाक्यं टाकली आणि पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे हे लोक दोनदा मत देतात? मग लबाडच की!" हशा झाला, चहा आला, विषय तिथंच संपला. मला मात्र तो शब्द घरी पोचेपर्यंत टोचत राहिला. दोनदा मत देणाऱ्यांबद्दल सगळे बोलतात. त्यांच्याकडून दोनदा मत मागणाऱ्यांबद्दल कुणी बोलत नाही. आणि मत मागायला आमदार दारोदार फिरत नाही, फिरतो तो गावातला मेंबर. हा निबंध त्या मेंबरबद्दल आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे चुका कुठं होतील ते वाचकांना कळेल. मी पेशानं इंजिनिअर. कालव्यांच्या कामावर आयुष्य गेलं. इतिहास कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, जुने नकाशे वाचता वाचता हा नाद लागला. ज्यांच्याशी बोललो त्यांची नावं देत नाही, गावंही सांगत नाही. का, ते पुढे कायद्याचा भाग आला की समजेल.

ही गावं कोणती, हे आपल्या मंडळात बहुतेकांना माहीत आहे, पण नव्या मंडळींसाठी सांगतो. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, लेंडीजाळा, अंतापूर, येसापूर, भोलापठार आणि आजूबाजूच्या वाड्या, तांडे, गुडे. पूर्वी बारा म्हणायचे, आता चौदा म्हणतात. तेलंगणाच्या कागदांत ही गावं केरामेरी मंडलात, परमडोली आणि अंतापूर या ग्रामपंचायतींत आहेत. केरामेरी आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं, ११ ऑक्टोबर २०१६ पासून कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात. महाराष्ट्राच्या कागदांत हीच गावं चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात, पुडियाल मोहदा आणि कुंभेझरी या ग्रामपंचायतींत आहेत. एकाच गावाला दोन सरपंच, दोन शाळा, दोन रेशन दुकानं. घरात दोन मतदार ओळखपत्रं.

डिसेंबर २०२२ मध्ये महाराजगुड्यातलं एक घर देशभर गाजलं होतं, आठवत असेल. चार खोल्या महाराष्ट्रात, चार तेलंगणात, स्वयंपाकघर तेलंगणात. टीव्हीवाल्यांनी भिंतीवरची रेघ दाखवली, चूल दाखवली. त्या घरात निवडणुकीच्या वेळी किती जण मत मागायला येतात, हे मात्र कुणी विचारलं नाही.

रेघ कुठून आली

१९५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा राजुरा, किनवट, आसिफाबाद हे सगळे आदिलाबाद जिल्ह्यातच होते आणि हैदराबाद विधानसभेला मत देत होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातून राजुरा तालुका, किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेलं. राजुरा आधी नांदेड जिल्ह्याला जोडला, मग १९५९ मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला.

माझ्यातला इंजिनिअर इथं अडतो. कायद्यात लिहिलंय 'तालुका'. जमिनीवर दगड रोवून आखलेली ती रेघ नव्हती. राजुरा आणि आसिफाबाद यांच्यामधली हद्द म्हणजे एकाच कलेक्टरच्या दोन तहसीलदारांमधली हद्द, तीही माणिकगडच्या डोंगरातून, जंगलातून जाणारी. ती कुठल्या झाडाखालून जाते याची कुणाला पर्वा असायचं कारण नव्हतं. रातोरात ती राज्याची सीमा झाली.

आणि त्यावर माणसं नंतर आली. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यानं कसा भोगला ते सांगायला नको. नांदेड, परभणीकडची माणसं बैलगाड्या घेऊन या डोंगरात चढली, झाडोरा साफ करून ज्वारी पेरली. गोंड आणि कोलाम आधीपासून होते. दलित आले, बंजारा आले. मी ज्या मेंबरशी सगळ्यात जास्त बोललो, तो तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता. "आमाला काय म्हाईत साहेब कोनचं राज्य? पानी दिसलं तिथं बैल सोडले," तो म्हणाला.

गावं वसली आणि मग दोन्हीकडचे साहेब आले. दोन्ही राज्यांनी दावा सांगितला. महाराष्ट्राचं म्हणणं असं की १९९७ साली सर्वोच्च न्यायालयात हा प्रश्न त्यांच्या बाजूनं सुटला. पण आंध्र प्रदेशाचा आणि पुढे तेलंगणाचा कारभार काही तिथून उठला नाही. मतदान केंद्रं दोन्हीकडची चालू राहिली.

मेंबर म्हणजे कोण

आपल्याकडे ग्रामपंचायत सदस्याला मेंबर म्हणतात. एकदा मेंबर झाला की पद गेलं तरी मेंबरच. माझा मेंबर एकदा निवडून आला, नंतर पडला, एकदा बायकोला उभं केलं. आजही त्याला त्याच नावानं हाक मारतात.

कागदावर बघितलं तर मेंबरचा पक्षाशी संबंधच नाही. दोन्ही राज्यांत ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पक्षाचं चिन्ह येतं ते वरच्या पायरीला: तेलंगणात एमपीटीसी-झेडपीटीसीला, महाराष्ट्रात पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. तरीही मेंबरचं वर्ष पक्षाच्या मेळाव्यांवरच फिरतं, कारण वरच्या पायरीवरच्या सगळ्यांना खालची माणसं लागतात आणि माणसं मेंबरकडे असतात.

त्याच्या घरी एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात कंडुवे घडी करून ठेवलेले. आपल्याकडे पक्षात प्रवेश करणं म्हणजे गळ्यात कंडुवा घालून घेणं, हे तेलुगूतून आलेलं. गुलाबी आहे, तिरंगी आहेत दोन, भगवे आहेत. लाल बिल्ला एक आहे, शेतकरी संघटनेचा. राजुऱ्यातून वामनराव चटप आमदार झाले त्या काळातला. मी म्हटलं, "मेंबर, हे तर दुकान झालं." तो हसला नाही. "साहेब, आमदार बदलतेत. मी तं तेच कापड गळ्यात घालतो जे ते घालतेत." खरंच आहे की. २०१८ मध्ये आसिफाबादचे आत्राम सक्कू काँग्रेसकडून निवडून आले आणि मार्च २०१९ मध्ये टीआरएसकडे गेले. २०१४ मध्ये गोडम नगेश टीआरएसचे खासदार होते, २०२४ मध्ये भाजपचे झाले. मोठ्यांनी कंडुवा बदलला की त्याला राजकारण म्हणायचं आणि मेंबरनं बदलला की दुकान, हे मी स्वतःशीच कबूल केलं आणि गप्प बसलो.

मेळाव्याचं काम कसं चालतं ते त्यानं मला अगदी इस्टिमेट मांडावं तसं सांगितलं. वरून आकडा येतो: या मंडलातून इतके लोक. मंडलाचा अध्यक्ष तो आकडा गावांवर वाटतो. मेंबरच्या वाट्याला येते एक गाडी किंवा अर्धी. मग घरोघर सांगायचं. बायकांचा बचतगट आला तर गाडी लवकर भरते. जेवणाचं पाकीट आणि पाण्याची बाटली मिळणार का, हे आधी विचारून घ्यायचं, कारण मिळालं नाही तर शिव्या मेंबरला पडतात. परत येताना मोजून घ्यायचं. "नेता भाषनाला येतो, मी मोजायला येतो," तो म्हणतो. इंद्रवेल्लीला तो दोन वेळा गेला, ९ ऑगस्ट २०२१ च्या दलित-गिरिजन दंडोऱ्याला आणि २ फेब्रुवारी २०२४ ला रेवंत रेड्डी मुख्यमंत्री म्हणून आले तेव्हा. इंद्रवेल्ली आपल्या जिल्ह्यात सभेसाठी का निवडतात, हे मंडळात सांगायला नकोच. २० एप्रिल १९८१ च्या गोळीबारानंतर त्या गावाचं नाव घेतलं की गोंड माणूस थांबून ऐकतो.

तिकडे राजुऱ्याला, जिवतीला बूथप्रमुखांचे मेळावे होतात. तिथंही हाच मेंबर. भाषणं मराठीत असल्यामुळे तिकडे बसायला बरं वाटतं म्हणतो, पण टाळ्या कधी वाजवायच्या हे तेलुगू सभेत चांगलं कळतं, कारण आधी एक माणूस वाजवून दाखवतो.

दोन्हीकडे चालणारा पक्ष असला की त्याचं काम सोपं होतं. हात आणि कमळ रेघेच्या अलीकडे-पलीकडे सारखेच. गाडी चिन्हाची मात्र पंचाईत, ती एका बाजूलाच धावायची. म्हणून टीआरएसची बीआरएस झाली आणि ५ फेब्रुवारी २०२३ ला नांदेडला केसीआर यांची सभा झाली, तेव्हा या भागातल्या मराठी बोलणाऱ्या कार्यकर्त्यांचा भाव अचानक वाढला. आदिलाबादचे कार्यकर्ते नांदेड जिल्ह्यात गावोगाव फिरले. मेंबर म्हणतो, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला 'तुमचं मराठी कामाला येईल' असं सांगितलं. वर्ष संपायच्या आत पक्ष तेलंगणातच हरला आणि तो फोनही बंद झाला.

हे दोन डगरींवर पाय ठेवणं नवं आहे असं वाटत असेल, तर आपल्या जिल्ह्याचा जुना इतिहास वेगळं सांगतो. निजामाच्या काळात सप्टेंबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. मग राजकारण करायचं तर भाषेच्या परिषदांतून. तेलुगू भाषकांची आंध्र परिषद जोगीपेठला १९३० पासून, मराठी भाषकांची महाराष्ट्र परिषद परतूरला १९३७ पासून. आदिलाबादसारख्या दोन भाषांच्या जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यानं कुठं जायचं? मागणी तीच, जबाबदार राज्यपद्धतीची, फक्त मंडप वेगळा. बंदी उठल्यावर १९४६ नंतर हे मंडप एक झाले आणि दहा वर्षांनी राज्यं पुन्हा भाषेनुसारच वेगळी झाली. त्या वेळची आपल्या भागातली माणसं दोन्ही भाषांत सभा ऐकत होती आणि त्यांना कुणी लबाड म्हटलं नाही.

प्रचार

प्रचार म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे जीप आणि भोंगा येतो. मेंबरच्या गावात जीप संध्याकाळी येते, कारण दिवसा घरी कुणी नसतं. तेलंगणाची विधानसभा २०१८ मध्ये ७ डिसेंबरला झाली, २०२३ मध्ये ३० नोव्हेंबरला. महाराष्ट्राची २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला. तिन्ही वेळा कापसाची वेचणी ऐन भरात. वेचणारी बाई पाठ मोडून घरी येते आणि दारात उमेदवार. मेंबरचं म्हणणं, अशा वेळी भाषण करायचं नाही, शेगडीजवळ बसायचं आणि कापसाचा भाव विचारायचा. लोकसभा एप्रिल-मेमध्ये, म्हणजे मोहफुलं आणि तेंदूपत्त्याचे दिवस. अर्धं गाव रानात.

याशिवाय सणांचं वेळापत्रक वेगळं. दिवाळीत गोंडांची दंडारी. पुष्य महिन्यात जंगुबाईची जत्रा. तिथं दोन्ही राज्यांतले गोंड येतात, म्हणून दोन्ही राज्यांतले पुढारीही येतात. १५ फेब्रुवारीला तांड्यात सेवालाल जयंती, १४ एप्रिलला भीमजयंती. २०२४ मध्ये भीमजयंती चंद्रपूरच्या मतदानाच्या बरोबर पाच दिवस आधी आली होती. मिरवणुकीत कोण कुठं चाललंय यावर मेंबरचं पूर्ण लक्ष, कारण दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून फोन: कोण कोण होतं?

सगळ्यात किचकट काम मतदार यादीचं. महाराष्ट्राची यादी मराठीत: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. तेलंगणाची तेलुगूत आणि तिथली पद्धत अशी की आडनाव आधी, मग नाव. आपल्या मराठी आडनावांचं तेलुगू लिपीत काय होतं ते आपण आदिलाबादेत रोज बघतोच. 'ळ'चा 'ल' होतो, 'च' कधी 'त्स' होतो. त्यामुळे एकच माणूस दोन याद्यांत दोन माणसं दिसतो. मी यंत्राचा माणूस म्हणून सांगतो: ही नावं कुठल्याही संगणकावर जुळवायला घातली तरी सहज जुळायची नाहीत. जुळवणारा एकच, मेंबर. त्याच्या वहीत डावीकडे मराठी, उजवीकडे तेलुगू नाव, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेलं. त्याला स्वतःला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही.

आता दोन-तीन आकडे देतो. सगळ्या गोष्टीचं मूळ मला त्यांत दिसतं. या गावांत मिळून मतदार तीन हजारांच्या आसपास. २०१८ मध्ये आसिफाबाद विधानसभेचा निकाल लागला तेव्हा सक्कू आणि कोवा लक्ष्मी यांच्यात फरक होता १७१ मतांचा. २०१९ मध्ये राजुऱ्यात सुभाष धोटे यांनी वामनराव चटप यांना हरवलं, फरक २,५०१. २०२४ मध्ये राजुऱ्यातच देवराव भोंगळे धोट्यांपेक्षा ३,०५४ मतांनी पुढे होते. दर वेळी असं होतं असं नाही. २०२३ मध्ये आसिफाबादला कोवा लक्ष्मी बावीस हजारांहून जास्त फरकानं आल्या, तिथं सीमेवरची गावं असली काय, नसली काय. पण निवडणूक लागण्याआधी निकाल कुणाला माहीत असतो? दोन्ही मतदारसंघांतल्या कुठल्या इच्छुक उमेदवाराला वाटेल, की या तीन हजारांना म्हणावं, बाबांनो, तुम्ही तिकडचेच व्हा? सीमाप्रश्न इतकी वर्षं का भिजत पडला याची कारणं बरीच सांगतात. जंगलखातं, कोर्ट, दोन राज्यांची शान. मला हे एक कारण त्या सगळ्यांपेक्षा जड वाटतं.

शाई आणि कायदा

आता लबाडीचा प्रश्न. कायदा मी वाचला तसा सांगतो, आपल्यातल्या वकील मंडळींनी दुरुस्त करावं.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १७ म्हणतं, एका माणसाचं नाव एकापेक्षा जास्त मतदारसंघांच्या यादीत असू नये. नाव घालताना खोटं लिहून दिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १९५१ च्या कायद्याचं कलम ६२ पोटकलम ३ म्हणतं, एकाच सार्वत्रिक निवडणुकीत एकाच प्रकारच्या दोन मतदारसंघांत मत दिलं तर दोन्ही मतं बाद. म्हणजे लोकसभेला आदिलाबाद आणि चंद्रपूर दोन्हीकडे मत देणं सरळसरळ चूक, त्यात शंका नाही. पण तेलंगणाची विधानसभा आणि महाराष्ट्राची विधानसभा या एकच सार्वत्रिक निवडणूक नाहीत. तिथं खरी अडचण यादीत दोनदा नाव असण्याची आहे. आणि ग्रामपंचायत हा तर राज्यांच्या कायद्याचा वेगळाच मामला. बाहेरचा माणूस हे सगळं 'दोनदा मत' या एका गाठोड्यात बांधतो.

या नावांपैकी बरीच नावं घरी आलेल्या सरकारी माणसानं लिहून घेतलेली आहेत. एका वर्षी इकडचा आला, दुसऱ्या वर्षी तिकडचा. दोघांनीही विचारलं, इथंच राहता ना? उत्तर 'हो'. दोन्ही वेळा खरं.

शाईबद्दल मला स्वतःला फार कुतूहल, म्हणून थोडं विषयांतर. ही शाई मैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात बनते, १९६२ च्या निवडणुकीपासून. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, कातडीवरच्या मिठाशी आणि उजेडाशी त्याची क्रिया होऊन ते काळं पडतं. कातडीवरची खूण आधी जाते, नखावरची नख वाढेपर्यंत राहते. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. आता बघा: २००९ मध्ये चंद्रपूर आणि आदिलाबाद दोन्हीकडे मतदान १६ एप्रिललाच होतं. २०१४ मध्ये चंद्रपूर १० एप्रिल, आदिलाबाद ३० एप्रिल. २०१९ मध्ये दोन्ही पुन्हा एकाच दिवशी, ११ एप्रिल. २०२४ मध्ये चंद्रपूर १९ एप्रिल, आदिलाबाद १३ मे. चोवीस दिवसांत नख अडीच मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. म्हणजे मे महिन्यात केंद्रावर गेलेल्या माणसाच्या डाव्या तर्जनीवर एप्रिलची रेघ दिसणारच. नियमाप्रमाणे तशी खूण असेल तर मत देऊ द्यायचं नाही. अधिकारीही आता आधीच गावात येऊन सांगतात, एकाच ठिकाणी मत द्या.

त्या दिवशी मेंबरची काय अवस्था होते? दोन्हीकडच्या उमेदवारांना त्यानं शब्द दिलेला. २०१९ ला घराघरांत माणसं वाटली गेली, म्हातारी इकडे, सून तिकडे. "येका घरात दोन पक्ष नाही साहेब, दोन देश केले आमी त्या दिवशी," तो म्हणाला आणि मग जरा वेळ काहीच बोलला नाही.

पारडं

लोक कुठलं राज्य निवडतील, हा प्रश्न आता गमतीचा राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राचे महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी ही चौदा गावं पूर्णपणे महाराष्ट्रात घेण्याची कार्यवाही करायला सांगितली. बातमी आली त्या आठवड्यात मी मेंबरकडे गेलो होतो. मला वाटलं, आनंदात असेल. मराठी माणूस, मराठवाड्याचा, शेवटी महाराष्ट्रात.

तो हिशेब करत बसला होता. तेलंगणात म्हातारपणाची पेन्शन महिन्याला २,०१६ रुपये, आईला मिळते. महाराष्ट्रात लाडक्या बहिणीचे १,५०० सुनेला. ज्याच्याकडे पट्टादार पासबुक आहे त्याला तेलंगणात २०१८ पासून एकरी पैसे आले, आधी हंगामाला ४,०००, मग ५,०००. महाराष्ट्राकडून अनेकांना सातबारा मिळालेलाच नाही, जमीन जंगलाची म्हणतात. नातू तेलुगू शाळेत आहे, नात मराठी शाळेत.

शेजारच्या तांड्यातल्या जुन्या मेंबरचं गणित याहून अवघड. बंजारा, म्हणजे लंबाडा, १९७६ च्या दुरुस्तीपासून तेलंगणाच्या भागात अनुसूचित जमातीत आहेत. महाराष्ट्रात तेच विमुक्त जातीत. म्हणजे रेघेच्या या बाजूला तो राखीव जागेवर उभा राहू शकतो, मुलगा त्या दाखल्यावर शिकतो. त्या बाजूला तोच माणूस, तेच घर, आणि दाखला वेगळा. आता त्याच्या पलीकडच्या गुड्यातल्या गोंडाला विचारा. तो म्हणेल, लंबाडांना जमातीत घातलं तिथंच आमचं नुकसान झालं. डिसेंबर २०१७ मध्ये उटनूरकडे या वादातून काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मेंबरला मत दोघांचंही मागायचं असतं. तो तांड्यात एक बोलतो आणि गुड्यात गप्प बसतो.

आणि त्याचं स्वतःचं? तेलंगणातल्या ग्रामपंचायतींची मुदत फेब्रुवारी २०२४ ला संपली, त्यानंतर अधिकारी कारभार बघत होते. हायकोर्टानं जून २०२५ मध्ये सांगितलं होतं, ३० सप्टेंबरच्या आत निवडणुका घ्या. तिकडे चंद्रपूर जिल्हा परिषद मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या ताब्यात होती, तिथंही सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये चार महिन्यांची मुदत दिली होती. म्हणजे तेव्हा दोन्ही राज्यांत एकाच सुमारास निवडणुका तोंडावर होत्या, आणि त्याच वेळी गाव कोणत्या राज्याचं हे ठरवणारा कागदही फिरत होता. तेलंगणाच्या बाजूनं सरपंचाला उभं राहून जिंकलं आणि सहा महिन्यांत ती पंचायतच उरली नाही तर? नाहीच उभं राहिलं आणि कागद आणखी दहा वर्षं फिरला तर? तेलंगणाच्या २०१८ च्या कायद्यानं चेकवर सही सरपंच आणि उपसरपंच दोघांची लागते, त्यामुळे साध्या मेंबरलाही उपसरपंच व्हायची ओढ असते. महाराष्ट्रात सरपंच थेट लोकांतून की सदस्यांतून, हे २०१७, २०२० आणि २०२२ असं तीनदा बदललं. दोन्ही नियमपुस्तकं पाठ असलेली माणसं मला सरकारी कचेरीत कमी आणि या डोंगरावर जास्त भेटली.

मी विचारलंच शेवटी, "मेंबर, तुमचं मत काय? कुठं जावं गावानं?"

तो म्हणाला, "मला कुनी विचारलं नाही साहेब. गाडीत किती मान्सं येतेन, येवढंच इचारतेत."

तेवढ्यात फोन वाजला. मग दुसरा फोन, दुसऱ्या सिमवर. पहिल्याशी तो तेलुगूत बोलला, दुसऱ्याशी मराठीत. दोघांनाही 'बघतो' म्हणाला. मग पेटीतून एक घडी केलेला कागद काढला. तेलंगणाच्या यादीचं पान होतं. "हे वाचून सांगता का, सुनेचं नाव बराबर लिवलं का? मागच्या वेळेला तिला परत धाडलं होतं."

मी चष्मा लावून वाचलं. नाव बरोबर होतं. आडनावात 'ळ'च्या जागी 'ल' पडला होता. तसं त्याच्या वहीत उजव्या बाजूला लिहून दिलं.